रॅम्पवर ट्रक थांबून राहील का? बोट पाण्यात उतरवण्यासाठी पिकअप निवडतानाचा एक प्रकरण अभ्यास

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराच्या ईशान्येला, लेक सेंट क्लेअर नावाचे सुमारे ४३० चौरस मैलांचे सरोवर आहे. त्याची सरासरी खोली अवघी ११ फूट असून मस्की, वॉलआय आणि स्मॉलमाउथ बास या माशांसाठी ते प्रसिद्ध आहे. सरोवराकाठी, क्लिंटन नदीच्या मुखाजवळ हॅरिसन टाउनशिपमध्ये, राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा हार्ली एन्साइन नावाचा बोटी उतरवण्याचा सार्वजनिक तळ आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी तेथे ट्रक आणि ट्रेलर यांची मोठी रांग लागते. कोकणातली होडी बंदरात किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. येथील बहुतेक बोटी मात्र घराच्या अंगणात ट्रेलरवर उभ्या असतात आणि प्रत्येक फेरीला महामार्गावरून ओढत आणून पाण्यात सोडाव्या लागतात. त्यामुळे बोट ओढणारे वाहन हा बोटीच्या मालकीचा अर्धा भाग ठरतो.

हे प्रकरण डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे आहे. वाहनउद्योगातील नोकऱ्यांमुळे डेट्रॉईटच्या परिसरात मराठी अभियंत्यांची संख्या पूर्वीपासून चांगली आहे, आणि हे कुटुंबही त्याच वाटेने पुण्याहून येथे आले. पती, पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि उन्हाळ्यात पुण्याहून येणारे आजोबा असे पाच जण बोटीवर जातात. बोट २० फुटांची, फायबरग्लासची, १५० अश्वशक्तीच्या आउटबोर्ड इंजिनाची आहे. पती बोट हाकतात आणि ट्रक रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरत जाणाऱ्या काँक्रीटच्या उतारावर, नेण्याचे काम पत्नी करतात. ही विभागणी सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी तुलना पत्नींच्या आसनावरून केलेली आहे. ट्रकच्या दुकानांत मात्र विक्रेते सगळी माहिती पतींनाच सांगत राहिले.

त्यांच्याकडे आधी तीन रांगांची, पुढच्या चाकांवर चालणारी मोठी कौटुंबिक एसयूव्ही होती. माहितीपत्रकात तिची ओढण्याची क्षमता ५,००० पाउंड लिहिलेली होती, आणि बोटीच्या माहितीपत्रकात बोटीचे वजन २,६०० पाउंड होते. कागदावर सगळे ऐसपैस बसत होते. पहिल्या हंगामाच्या उत्तरार्धात, बोट ट्रेलरवर घेऊन पाण्याबाहेर काढताना, पुढची चाके जागेवर फिरू लागली, गाडी काही इंच मागे सरकली आणि शेजारच्या एका ट्रकवाल्याने दोर लावून ती वर ओढून दिली. कोणालाही इजा झाली नाही. त्या आठवड्यातच त्यांनी मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक घेण्याचे ठरवले आणि तुलनेचे काम माझ्याकडे आले, कारण मी वाहनांच्या ब्रेकच्या चाचण्यांमध्ये काम करतो. पत्नींनी मला एकच प्रश्न विचारला होता. “आकड्यांचं तुम्ही बघा. पाण्याच्या कडेला ट्रक थांबवल्यावर तो थांबूनच राहील का, एवढं मला सांगा.”

हा प्रश्न विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात कोठेच नसतो. किती पाउंड ओढता येतात, किती कॅमेरे आहेत आणि ट्रेलर मागे घेताना ट्रक स्वतः किती स्टिअरिंग फिरवतो, हे कंपन्या ठळक छापतात. माझे या अभ्यासानंतरचे मत असे आहे की रॅम्पसाठी ट्रकची तुलना उपकरणांच्या यादीवरून करू नये. बोट अंगणातून निघून पाण्यात तरंगेपर्यंत जे टप्पे येतात, त्यांतल्या प्रत्येकात ट्रकचे नेमके काय चालू असते आणि काय बंद पडलेले असते, यावरून ती करावी.

वजनाचा खरा हिशेब

माहितीपत्रकातले २,६०० पाउंड हे कोऱ्या, रिकाम्या बोटीचे वजन होते. त्यात इंजिनाचे सुमारे ४६० पाउंड नव्हते. ५० गॅलनची टाकी भरली की पेट्रोलचे गॅलनमागे ६.१ पाउंड धरून सुमारे ३०५ पाउंड होतात. बॅटऱ्या, नांगर, लाइफ जॅकेट, मासेमारीचे सामान आणि बर्फाची पेटी मिळून ४०० पाउंड, आणि खुद्द ट्रेलर १,००० पाउंडांचा. एकूण जवळजवळ ४,८०० पाउंड, म्हणजे सुमारे २,१८० किलो. एसयूव्हीच्या मर्यादेपासून हे फक्त २०० पाउंड दूर होते आणि गाडीत पाच माणसे बसलेली असत.

पिकअपच्या बाबतीत ओढण्याची क्षमता हा प्रश्न जवळजवळ संपतो. आजच्या कोणत्याही पूर्ण आकाराच्या ‘अर्ध्या टनी’ (हे फक्त वर्गाचे जुने नाव आहे) पिकअपला ४,८०० पाउंड ओढणे जड नाही. ही क्षमता ठरवण्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची जे२८०७ ही कसोटी वापरली जाते. ती टोयोटाने २०११च्या टुंड्रापासून स्वीकारली आणि इतर मोठ्या कंपन्यांनी नंतर. तिच्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांब चढावर भर उन्हाळ्यात ट्रेलर ओढण्याची अट आहे. १२ टक्के चढावर ट्रेलरसह पुन्हा पुन्हा थांबून पुढे आणि मागे सुटण्याचीही आहे. ही दुसरी अट रॅम्पशी नाते सांगणारी आहे, पण ती इंजिन आणि गिअरबॉक्सची ताकद तपासते. ओल्या, शेवाळलेल्या काँक्रीटवर चाकांची पकड किती, हे तिच्यातून कळत नाही.

खरी मर्यादा आली ती चालकाच्या दारावरच्या पिवळ्या पट्टीच्या लेबलवरून. माणसे आणि सामान मिळून या ट्रकमध्ये किती वजन चालेल, हे त्या लेबलवर त्याच विशिष्ट ट्रकसाठी छापलेले असते. हिचच्या, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर जोडण्याच्या सांध्याच्या, बॉलवर ट्रेलरचा जो भार पडतो, तोही यातच मोजायचा. तो साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात. या बोटीसाठी कमीत कमी ४८० पाउंड. पाच माणसांचे सरासरी १६० धरून ८००, आणि मागच्या हौद्यातल्या सामानाचे १५०. बेरीज १,४३० पाउंड. त्यांना आवडलेल्या एका चकचकीत ट्रकच्या दारावर यापेक्षा कमी आकडा होता, कारण काचेचे छत, मोठी चाके आणि विजेवर हलणाऱ्या पायऱ्या यांनी आपले वजन आधीच वसूल केले होते. एकाच नावाच्या ट्रकच्या दोन प्रतींमध्ये या आकड्यात शेकडो पाउंडांचा फरक असू शकतो, म्हणून दार उघडून वाचल्याशिवाय कोणताही ट्रक यादीत ठेवायचा नाही, असे आम्ही ठरवले.

उतार, शेवाळ आणि पकड

अमेरिकेत बोटीच्या रॅम्पचा उतार साधारणपणे १२ ते १५ टक्के ठेवण्याची शिफारस असते. १५ टक्के म्हणजे साडेआठ अंश. डोळ्यांना तो फार वाटत नाही, पण ९,३०० पाउंडांच्या एसयूव्ही आणि ट्रेलरला तो सुमारे १,३८० पाउंडांच्या बळाने खाली खेचतो. एसयूव्हीच्या पुढच्या चाकांवर सपाटीवर २,४७५ पाउंडांच्या आसपास भार असतो. हिचवरचा भार मागच्या आसाच्याही मागे असल्याने तो गाडीचे नाक उचलतो, आणि चढावर वजन मागे सरकते. दोन्ही मिळून पुढच्या चाकांवर २,००० पाउंडच उरतात. कोरड्या काँक्रीटवर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला तर १,४०० पाउंडांची पकड मिळते, म्हणजे काठावर पास. आधी वर गेलेल्या बोटींच्या पाण्याने काँक्रीट ओले असेल आणि गुणांक ०.५ धरला, तर १,००० पाउंडच मिळतात आणि चाके फिरू लागतात. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्या दिवशी काय घडले ते समजायला पुरेसा आहे. इंजिन कमी पडलेच नव्हते.

आता ५,२०० पाउंडांचा पिकअप घेऊ. ट्रेलरसह १०,००० पाउंड आणि उताराचे बळ सुमारे १,४८० पाउंड. हिचवरच्या भारामुळे आणि चढामुळे मागच्या चाकांवर ३,१०० पाउंडांपेक्षा थोडे जास्त आणि पुढच्यांवर सुमारे २,५५० येतात. फक्त मागच्या चाकांवर चालणारा पिकअप ओल्या पण स्वच्छ काँक्रीटवर कसाबसा निघेल. परंतु रॅम्पवर मागची चाके नेमकी पाण्याच्या कडेच्या हिरव्या पट्ट्यात असतात. तेथे गुणांक ०.२५ धरला, तर त्यांची पकड ७८० पाउंडांवर येते, म्हणजे लागते त्याच्या निम्मी. पुढची चाके वर, शेवाळ नसलेल्या ओल्या भागावर असतात आणि तीही ओढू लागली तर आणखी १,२७५ पाउंड मिळतात. बेरीज दोन हजारांच्या वर जाते आणि काम होते. म्हणून या कामासाठी फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज (सावकाश पण जोरकस गिअर) असलेला ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ओढ पुढच्या चाकांनाही देणारी पेटी, ही चैन धरता येत नाही. लेक सेंट क्लेअरमध्ये हे विशेष लागू पडते, कारण येथे पाण्याची पातळी वर्षानुवर्षे बदलत राहते. २०१९ साली ती विक्रमी उंचीला गेली होती आणि नंतरच्या वर्षांत उतरली. पातळी खाली गेली की ट्रक अधिक खाली, अधिक शेवाळलेल्या भागापर्यंत न्यावा लागतो. काही जण बोट ट्रेलरवर चढवताना इंजिन जोरात चालवतात आणि प्रोपेलरच्या झोताने रॅम्पच्या टोकाशी खड्डा पडतो. त्या खड्ड्यात ट्रेलरचे चाक उतरले की ओढायचे वजन अचानक वाढल्यासारखे होते.

पत्नींच्या प्रश्नाचे उत्तरही याच हिशेबात होते, आणि ते मला स्वतःलाही अस्वस्थ करणारे वाटले. पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची चाके शेवाळावर असताना तो ७८० पाउंडांपेक्षा जास्त धरू शकत नाही, आणि बोट ट्रेलरवर असताना १,४८० पाउंड धरायचे असतात. बोट तरंगून गेल्यावरही ट्रक आणि रिकामा ट्रेलर मिळून ९०० पाउंडांच्या वर खेच उरते. चालकाचा पाय ब्रेकवर असतो तोवर चारही चाके धरून ठेवतात. तो पाय उचलून ती व्यक्ती बोटीचा दोर धरायला खाली उतरली, की ट्रक चाके न फिरवताच घसरू शकतो. दरवर्षी कोठे ना कोठे रिकामा ट्रक पाण्यात गेल्याच्या चित्रफिती लोक एकमेकांना पाठवतात. त्यांतल्या काहींमध्ये चालक गिअर पार्कमध्ये (ऑटोमॅटिक गाडी उभी करण्याच्या स्थितीत) टाकायला विसरलेला असतो हे खरे, पण ब्रेक लावूनही ट्रक घसरतो तेव्हा कारण हे असते.

ट्रान्सफर केस फोर-व्हीलमध्ये जोडलेला असेल आणि गिअर पार्कमध्ये असेल, तर पुढचा आसही मागच्याशी बांधला जातो आणि वरच्या, चांगल्या काँक्रीटवरची चाके धरण्याचे काम करतात. म्हणजे फोर-व्हील लो हे बाहेर पडण्याइतकेच थांबण्यासाठीही आहे. त्यातही पाय ब्रेकवर ठेवून आधी पार्किंग ब्रेक लावायचा आणि मग पार्कमध्ये टाकायचे, म्हणजे सगळा भार गिअरबॉक्समधल्या लहानशा खिट्टीवर लटकत नाही. याला जोड म्हणून पुढच्या चाकांच्या उताराकडच्या बाजूला रबरी अडण्या लावायच्या. त्यांची किंमत ट्रकमधल्या कोणत्याही उपकरणापेक्षा कमी आहे.

तीन ट्रक आणि त्यांची मदत

डेट्रॉईटमध्ये ट्रक कोणत्या कंपनीचा घ्यायचा, हे पुष्कळदा घरातले कोण कोठे नोकरी करते यावरून ठरते, कारण कर्मचाऱ्यांच्या नात्यातल्यांनाही सवलत मिळते. या कुटुंबावर तसे बंधन नव्हते. यादीत फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० आणि टोयोटा टुंड्रा हे तीन ट्रक उरले. तिघांतही फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज मिळते, त्यामुळे मागच्या भागातली कसोटी तिघेही पार करतात.

ट्रेलर मागे घेणे हे नवख्या चालकाला सर्वांत जास्त घाबरवते, आणि फोर्डने येथे सर्वांत वेगळा विचार केला. २०१६च्या एफ-१५०मध्ये कंपनीने प्रो ट्रेलर बॅकअप असिस्ट ही सोय आणली. डॅशबोर्डवर एक गोल बटण असते. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला ते फिरवायचे, स्टिअरिंग ट्रक स्वतः फिरवतो आणि चालकाने फक्त वेग आणि ब्रेक सांभाळायचे. बटण सोडले की ते मध्यावर येते आणि ट्रेलर सरळ जाऊ लागतो. ज्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यावर ट्रेलर उजवीकडे जातो हे अंगवळणी पाडून घेतलेले नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी मदत आहे. सुट्टीच्या दिवशी एका रिकाम्या वाहनतळावर पत्नींनी ते वापरून पाहिले आणि थोड्याच वेळात दोन शंकूंच्या मधून ट्रेलर नेला. ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन तिरका होऊन ट्रकशी काटकोन करतो, आणि तेथे यंत्राची चपळाई उपयोगी पडते.

तिला मर्यादाही आहेत. सुरुवातीच्या आवृत्तीत ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर चौकटींचे स्टिकर लावून ते कॅमेऱ्याला दिसावे लागत असे आणि मोजमापे भरावी लागत. कॅमेरा हौद्याच्या मागच्या फळीवर असतो. रिकामा ट्रेलर पाण्यात उतरवताना तो इतका खाली असतो की आरशांतही दिसत नाही, म्हणून जुने जाणते लोक मागची फळी खाली पाडून मान वळवून पाहतात. फळी पाडली की कॅमेरा जमिनीकडे पाहू लागतो आणि मदत संपते. म्हणजे जुनी रीत आणि नवे यंत्र एकत्र वापरता येत नाहीत. यावर उपाय ट्रेलरवर करायचा असतो. मागच्या दोन कोपऱ्यांना उभे दांडे बसवले, की फळी बंद ठेवूनही ट्रेलर कोठे आहे ते आरशात कळते.

सिल्व्हराडोचा भर दिसण्यावर आहे. ट्रेलरच्या मागे लावायच्या जोडकॅमेऱ्याचे चित्र ट्रकच्या चित्रात मिसळून ट्रेलर पारदर्शक असल्यासारखे दाखवण्याची सोय तिच्यात मिळते. मागे उंच भिंत असलेल्या डब्यासारख्या ट्रेलरसाठी ती उत्तम आहे. बोटीच्या ट्रेलरच्या मागच्या टोकाचा कॅमेरा मात्र प्रत्येक फेरीला पाण्यात जाणार, आणि त्याच्या समोर इंजिन येणार. या प्रकरणात ती सोय हिशेबात धरली नाही. याउलट तिच्या ट्रेलरच्या ॲपमधली दिव्यांची चाचणी मला फार मोलाची वाटली. ब्रेकचे, वळणाचे आणि मागचे दिवे ट्रक आपोआप एकामागून एक लावतो आणि एकटी व्यक्ती मागे उभी राहून ते तपासू शकते. बोटीच्या ट्रेलरचे दिवे वारंवार पाण्यात बुडतात, जोडण्या गंजतात आणि महामार्गावर एखादा दिवा गेलेला असणे नेहमीचे असते. मागच्या चाकांतले एक फिरू लागले की दोन्ही चाके आपोआप जोडणारा यांत्रिक डिफरेन्शियल लॉकही जनरल मोटर्स वर्षानुवर्षे देत आली आहे. त्याला चालकाकडून काही करण्याची गरज नसते, आणि शेवाळावर हा गुण खरा उपयोगी.

टुंड्रामध्ये २०२२च्या नव्या पिढीपासून ट्रेलर सरळ रेषेत मागे नेणारी सोय आली. ट्रेलर आधी चालकाने सरळ करायचा, मग ट्रक ती रेषा धरून ठेवतो. फोर्डच्या बटणाइतकी ती व्यापक नाही, पण रॅम्पवर शेवटच्या पन्नास-साठ फुटांत हवे असते ते एवढेच. दोन्ही बाजूंना लाकडी धक्का आणि मध्ये सरळ खाली जायचे.

ट्रेलर जोडण्याच्या कामात तिघांतही मागच्या कॅमेऱ्यात बॉलपासून निघणारी मार्गदर्शक रेषा दिसते, आणि फोर्डच्या नव्या ट्रकमध्ये तर ट्रक स्वतःच बॉल कपलरखाली (ट्रेलरच्या टोकाच्या खोबणीखाली) नेऊन उभा करतो. ही सोय छान असली तरी अंगणात होणाऱ्या कामासाठी आहे. तेथे चुकले तर पुन्हा करता येते. फोर्डच्या काही ट्रकमध्ये हिचवरचा भार मोजून दाखवणारा तराजूच असतो. तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बर्फाची पेटी पुढे ठेवली की मागे, याने तो भार बदलतो आणि बहुतेक जण तो कधीच मोजत नाहीत.

विजेवरचा एफ-१५० लाइटनिंगही आम्ही पाहिला. दोन्ही आसांना स्वतंत्र मोटर, अतिशय सावकाश आणि गुळगुळीत ओढ, आणि बॅटरीमुळे ट्रकचे स्वतःचे वजन सहा हजार पाउंडांच्या वर. रॅम्पवर तो कदाचित सर्वांत निर्धास्त ठरला असता. नोव्हाय ते हार्ली एन्साइन हे अंतर चाळीस-पंचेचाळीस मैलांचे आहे, म्हणजे ट्रेलर ओढताना पल्ला निम्मा झाला तरी चिंता नाही. पण हे कुटुंब वर्षातून काही वेळा बोट घेऊन राज्याच्या उत्तरेला ट्रॅव्हर्स सिटीकडे जाते आणि तेथवर दोनशे मैलांहून जास्त जायचे असते. बहुतेक चार्जिंग केंद्रांवर ट्रेलर सोडवून ठेवल्याशिवाय ट्रक लावता येत नाही, म्हणून तो पर्याय बाजूला पडला.

प्लग काढल्यावर

या अभ्यासातला सर्वांत उपयोगी धडा ट्रेलरच्या वायरिंगच्या प्लगमधून मिळाला. बोट पाण्यात नेण्यापूर्वी प्लग काढण्याची रीत जुनी आहे. तापलेले साधे बल्ब गार पाण्यात फुटतात आणि ओल्या जोडणीतून फ्यूज जातो. ट्रेलर जोडलेला आहे हे ट्रकला ज्या प्लगवरून कळते, तोच काढला की ट्रक आपण एकटे आहोत असे समजतो. ट्रेलर जोडल्यावर झोपलेले मागचे सेन्सर जागे होतात, अवघ्या चार फुटांवर ट्रेलरचा दांडा पाहून ओरडू लागतात, आणि मागे अडथळा दिसला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चालू असेल तर ट्रक रॅम्पच्या मध्यावर खाडकन थांबू शकतो. ट्रेलर मागे नेण्यासाठी ज्या सोयी वायरिंगवर अवलंबून असतात, त्याही येथे हात वर करतात. म्हणजे चालकाला सर्वांत जास्त आधाराची अपेक्षा असते त्या शेवटच्या टप्प्यावर काही मदत निघून जाते आणि काही नको ती परत येते. ही गोष्ट मला कोणत्याही विक्रेत्याने सांगितली नाही, आणि ट्रक घेणाऱ्याने दुकानातच विचारायला हवी ती हीच.

त्याच प्लगचा ट्रेलरच्या ब्रेकशीही संबंध आहे. बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. ट्रकने ब्रेक लावला की ट्रेलर पुढे रेटतो, कपलर दाबला जातो आणि त्या दाबानेच ट्रेलरचे हायड्रॉलिक ब्रेक लागतात. ट्रकमधल्या ट्रेलर-ब्रेकच्या नियंत्रकाशी त्यांचा काही संबंध नसतो, म्हणून त्या नियंत्रकासाठी जास्त पैसे मोजणे येथे व्यर्थ होते. सपाटीवर किंवा चढावर मागे जाताना ट्रकच कपलर दाबतो आणि ट्रेलरचे ब्रेक चुकीच्या वेळी लागतात. ते टाळण्यासाठी पाच तारांच्या प्लगमधली पाचवी तार रिव्हर्सच्या दिव्याकडून वीज घेऊन एक झडप बंद करते. या कुटुंबाच्या ट्रेलरला पाच तारा होत्या, पण एसयूव्हीला चार तारांचे सॉकेट होते. वाहनतळावर मागे घेताना ट्रेलर अडून बसतो ही त्यांची जुनी तक्रार होती आणि तिचे कारण एवढेच होते. पिकअपच्या सात पिनांच्या सॉकेटला योग्य जोडणी लावल्यावर ती मिटली. उतारावर खाली जाताना मात्र ट्रेलर ट्रकला लटकलेला असतो, कपलर ताणलेला असतो आणि सर्ज ब्रेक लागतच नाहीत. म्हणून तेथे प्लग काढला तरी या बाबतीत बिघडत नाही, आणि ट्रेलर स्वतःला धरेल अशी आशाही ठेवता येत नाही.

यावरून क्रम ठरला. तयारीच्या जागेत सामान चढवणे, बोटीच्या बुडातले बूच लावणे आणि मागचे पट्टे सोडणे. नाकाशी असलेला विंचचा पट्टा आणि साखळी मात्र बोट पाण्यात टेकेपर्यंत सोडायची नाही, कारण रोलरच्या ट्रेलरवरून बोट काँक्रीटवर घसरून पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तयारीच्या या वेळात महामार्गावर तापलेली ट्रेलरच्या चाकांची बेअरिंग गार होतात, नाहीतर पाण्यात जाताच ती पाणी आत शोषून घेतात. मग फोर-व्हील लो, मागचे सेन्सर आणि आपोआप ब्रेक हाताने बंद, यंत्राच्या मदतीने ट्रेलर रॅम्पच्या तोंडाशी सरळ, तेथे प्लग काढणे, आणि शेवटचे अंतर साध्या स्टिअरिंगवर. ट्रेलर आधीच सरळ असल्याने उरलेल्या अंतरात त्याला वाकडे व्हायला फारसा वाव मिळत नाही. मोठा मुलगा धक्क्यावर उभा राहून हाताच्या खुणा करतो आणि तो दिसेनासा झाला की पत्नी ट्रक थांबवतात. परत निघताना रॅम्प सोडून सपाट जागेवर बूच काढायचे. मिशिगनमध्ये २०१९पासून रस्त्यावर नेण्यापूर्वी बोटीतले सगळे पाणी काढणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत प्रथम आढळले ते १९८८ साली याच लेक सेंट क्लेअरमध्ये, हे लक्षात घेतले तर त्या कायद्याची निकड कळते.

निर्णय

कुटुंबाने काही वर्षे वापरलेला, गोल बटण असलेला फोर-व्हील ड्राइव्ह एफ-१५० घेतला. बटण हे कारणांपैकी एक होते, पण पहिले नव्हते. त्या विशिष्ट ट्रकच्या दारावरचा भाराचा आकडा १,४३० पाउंडांपेक्षा पुरेसा मोठा होता, मागचा डिफरेन्शियल बटणाने लॉक होत होता, आणि मागचे सेन्सर बंद करण्याची सोय पडद्याच्या मेनूत न शोधता हाताशी होती. सिल्व्हराडो दिव्यांच्या चाचणीमुळे आणि आपोआप जोडणाऱ्या डिफरेन्शियलमुळे बरोबरीत होता, आणि त्या आठवड्यात योग्य भाराचा सिल्व्हराडो मिळाला असता तर मी तोही घ्यायला सांगितला असता. टुंड्राचा उपलब्ध नमुना भाराच्या आकड्यावरच बाद झाला. ट्रकसोबत दोन रबरी अडण्या, ट्रेलरचे उभे दांडे आणि पाण्यात चालणारे एलईडी दिवे घेतले. दिवे बदलल्यावर बल्ब फुटण्याची भीती गेली, तरी जोडण्यांसाठी प्लग काढण्याची सवय त्यांनी ठेवली आहे.

पुढच्या हंगामात पत्नींनी एक बदल केला, जो मला सुचला नव्हता. गर्दीच्या दिवशी त्या बटण वापरत नाहीत. रांगेतले लोक पाहत असताना एक हात बटणावर आणि नजर पडद्यावर ठेवण्यापेक्षा, हात स्टिअरिंगच्या तळाशी धरून ट्रेलर जिकडे जायला हवा तिकडे तो हात न्यायचा, ही जुनी रीत त्यांनी बटणाच्याच मदतीने वाहनतळावर शिकून घेतली. बटण आता अंगणात, फाटकाच्या अरुंद जागेत बोट लावताना वापरले जाते.

हा निर्णय ४,८०० पाउंडांच्या बोटीपुरता आहे. २४ फुटांची, दोन आसांच्या ट्रेलरवरची सात हजार पाउंडांची बोट आली, तर बॉल २ इंचांऐवजी २ ५/१६ इंचांचा लागू शकेल. ट्रेलरला विजेने चालवलेले हायड्रॉलिक ब्रेक घेणे शहाणपणाचे ठरेल, आणि मग ट्रकमधला ब्रेकचा नियंत्रक, जो येथे निरुपयोगी होता, तोच यादीत सर्वांत वर येईल. हिचवरचा भार ७०० पाउंडांवर जाईल आणि तीच पाच माणसे घेऊन हा ट्रक दारावरच्या आकड्यात बहुधा बसणार नाही.